पडद्यावर दिसलेली मामाची पाठ : युद्धवार्तापटांच्या एका बैठकीचा प्रकरण अभ्यास

इंदूरला आमचा बारा-चौदा जणांचा एक गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचं, इतिहासातला एक विषय घ्यायचा, दोन तास बोलायचं आणि मग त्या घरचे पोहे खाऊन उठायचं, असा नेम गेली काही वर्षं चालू आहे. मी शाळेत इतिहास शिकवत होते, त्यामुळे मांडणी बहुतेकदा माझ्याकडे येते. गेल्या पावसाळ्यात मी युद्धकाळातले वार्तापट घेतले. लढाई चालू असताना घरी राहिलेल्या माणसांना ती पडद्यावर कशी दाखवली गेली, असा विषय. त्या संध्याकाळी माझी आखणी एका कोऱ्या चिठ्ठीने मोडली. त्याची ही नोंद.

पन्नाशीच्या पुढच्यांना वार्तापट समजावून सांगावा लागत नाही. मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं ‘भारतीय समाचार चित्र’ लागायचं, काही लोक तेवढ्यात शेंगदाणे आणायला बाहेर जायचे. ही सक्ती मात्र स्वातंत्र्याच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने आधी फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढलं, व्ही. शांताराम काही काळ तिथले प्रमुख निर्माते होते. मग १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि तिचा ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट आला. भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम घालून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रत्येक चित्रपटगृहाला दर खेळात २००० फुटांपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, सरकारमान्य फिल्म दाखवणं बंधनकारक केलं गेलं. तिकीट नायक-नायिकेसाठी काढलेलं असायचं, पण लढाई पाहिल्यावाचून सुटका नव्हती.

माझी आखणी सोपी होती. तीन तुकडे भिंतीवर दाखवायचे. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर दोन रकाने: ‘खरं’ आणि ‘रचलेलं’. तुकडा संपला की खूण करायची, मग चर्चा. शाळेत हा प्रकार मी अनेकदा केला होता आणि मुलांना तो आवडायचा. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी तिघांचा उल्लेख इथे येईल. एक निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, शेवटची नेमणूक महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये झाली आणि तिथेच घर करून राहिले. दुसरा, एका काकूंचा नातू, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा. आणि नव्वदीला टेकलेल्या एक आजी, लग्नानंतर इंदूरला आलेल्या, पण बालपण सगळं महूत गेलेलं. वडील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत होते. इंदूर होळकरांचं, महू इंग्रजांची छावणी. आजींच्या बोलण्यात ती सीमा अजून जिवंत आहे.

पहिला तुकडा सोमच्या लढाईचा. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला, फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने हल्ला सुरू केला. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन कॅमेरामननी त्या दिवसांत घेतलेलं चित्रण जोडून सव्वा तासाचा चित्रपट झाला आणि ऑगस्टमध्ये तो ब्रिटनभर लागला. लढाई नोव्हेंबरपर्यंत चालू राहिली, म्हणजे लोक तो पाहत होते तेव्हा त्याच मैदानात माणसं मरत होती. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं विकली गेली असं मानतात. त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग वीस-पंचवीस सेकंदांचा आहे: शिपाई खंदकाची भिंत चढून वर जातात, एक जण चढता चढताच घसरून मागे येतो आणि हलत नाही. पुढच्या दृश्यात काही जण तारांमधून धुराकडे जातात, दोघे कोसळतात.

सुभेदार म्हणाले, “थांबवा. परत लावा.”

मी परत लावलं. त्यांनी विचारलं, “मॅडम, हा फोटो काढणारा कुठे उभा आहे?”

कुणालाच उत्तर सुचेना. ते उठून भिंतीजवळ गेले आणि बोटाने दाखवू लागले. कॅमेरा खंदकाच्या मागच्या काठावर, उघड्यावर आहे. तो काळ हाताने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्याचा, तिवईवर ठेवून, मागे उभं राहून चालवायचा. “वर चढणाऱ्याला गोळी लागते, मग त्याच्या मागे त्याच्यापेक्षा उंच उभा असलेला माणूस दांडा फिरवत कसा राहतो? आणि ह्यांच्या पाठीवर काही नाही. हल्ल्याला जाणारा जवान असा मोकळा जात नाही हो. पाणी, राशन, गोळ्या, फावडं. ही तर परेडहून परत आलेली पोरं वाटतात.”

अभ्यासकांनी या दृश्याबद्दल नेमक्या याच गोष्टी टिपल्या आहेत: कॅमेऱ्याची उघडी जागा, पाठीवर नसलेलं सामान, तुटपुंज्या तारा. त्या सकाळी ब्रिटिश पायदळातला शिपाई जवळपास ३० किलो ओझं घेऊन निघाला होता. हा प्रसंग आघाडीच्या मागे, मोर्टारचं प्रशिक्षण देणाऱ्या एका शाळेच्या आवारात उभा केला गेला असावा, असं आज मानलं जातं. सुभेदारांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. जमीन कशी ओलांडतात हे शिकवण्यात त्यांची वर्षं गेली होती, एवढंच.

खोलीत आनंद पसरला. चोर पकडल्यासारखा. सगळ्यांनी ‘रचलेलं’ या रकान्यात खूण केली. व्हिडिओवाला मुलगा तर म्हणाला, “म्हणजे पूर्ण पिक्चरच खोटं.”

इथे मला बैठक आवरावी लागली, कारण तसं नाही. याच चित्रपटात हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग उडताना दिसतो. तो मॅलिन्सने प्रत्यक्ष घेतलेला आहे: सकाळी ७ वाजून २० मिनिटं, सुमारे १८ टन स्फोटकं, आणि जमीन एखाद्या काळ्या झाडासारखी वर येते. अस्सल चित्रण. पडद्यावर ते पाहणाऱ्या लंडनकराला त्यात आपल्या सैन्याचं बळ दिसलं. पण हल्ल्याची वेळ ७:३० होती. मधल्या दहा मिनिटांत जर्मनांना कळलं की हल्ला येतोय, आणि ते मशीनगनवर बसले. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० लोक जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाले, त्यांपैकी १९,२४० जिवानिशी गेले. ती दहा मिनिटं चित्रपटात नाहीत. स्फोट दिसतो, मग शिपाई पुढे जातात, मग कैदी पकडून आणलेले दिसतात. हा क्रम कात्रीने लावलेला आहे आणि विजयाची गोष्ट त्या क्रमातून तयार झाली आहे. म्हणून मला त्या बनावट वीस सेकंदांपेक्षा हा खरा स्फोट जास्त त्रास देतो.

मुलाला हे चटकन समजलं. तो म्हणाला, “मॅडम, लग्नातही हेच करतो आम्ही. वधूपिता रडले ते सकाळी, कुठल्यातरी हिशेबावरून. मी लावतो पाठवणीत.” हे ऐकून एक-दोघे हसले, पण तो गंभीर होता. त्याचं नंतरचं सगळं बोलणं या एका ओळखीतून आलं.

आणखी एक दृश्य दाखवलं. बोमाँ-हामेल गावासमोर एका खोलगट वाटेत लँकेशायर फ्युझिलियर्सचे शिपाई हल्ल्याची वाट पाहत बसले आहेत. कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसतो, कुणी मान वळवतो. हे खरं आहे. थोड्याच वेळात त्यांतले बरेच जण मेले.

आजी तोपर्यंत गप्प होत्या. त्यांनी विचारलं, “ह्यांच्या आयांनी हे पाहिलं असेल का गं?”

पाहिलं असणार. आपला माणूस कुठे दिसतो का, हे बघायला त्या काळी ब्रिटनमध्ये लोक मुद्दाम थिएटरात जात. डरहॅमच्या एका धर्मगुरूने वर्तमानपत्राला पत्र लिहून आक्षेपही घेतला होता की ज्यांच्या घरचा माणूस नुकताच गेलाय त्यांच्या दुःखाचा असा खेळ मांडू नये. मी हे सांगून पुढे गेले. आजींचा प्रश्न मी एक माहितीचा प्रश्न म्हणून घेतला, ही माझी त्या संध्याकाळची पहिली चूक.

दुसरा तुकडा लवकर आटोपला. स्तालिनग्राड, नोव्हेंबर १९४२. दोन बाजूंनी आलेल्या सोव्हिएत फौजा २३ तारखेला कलाचजवळ एकमेकींना भेटतात, जर्मन सैन्याभोवतीचं कडं पूर्ण होतं, शिपाई बर्फातून धावत जाऊन मिठ्या मारतात. भेट खरी झाली, पण त्या वेळी कॅमेरे तिथे नव्हते. मिठ्या नंतर पुन्हा मारून घेतल्या. दुसऱ्या बाजूला जर्मनीत, फेब्रुवारी १९४३ मध्ये रेडिओवरून लोकांना सांगितलं गेलं की त्या कड्यात अडकलेलं सहावं सैन्य शेवटच्या माणसापर्यंत लढून संपलं. प्रत्यक्षात सुमारे ९१,००० जण शरण गेले होते. त्या शरणागतीची दृश्यं जर्मन वार्तापटात आली नाहीत. जर्मनीतल्या हजारो घरांत मुलगा मेल्याचं दुःख झालं, जेव्हा तो कैदेत होता. त्या कैद्यांपैकी फार थोडे परतले हेही खरं आहे, पण त्या फेब्रुवारीत ते जिवंत होते.

कुणीतरी विचारलं, आपल्या बाजूचे मेलेले कुणी कधी दाखवले की नाही? दाखवले. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटासाठी तीन-चार दिवसांत अमेरिकेचे सुमारे हजार मरीन मेले. त्या लढाईच्या फिल्ममध्ये पाण्यात तरंगणारी अमेरिकन प्रेतं आहेत आणि ती दाखवायला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची संमती घेतली गेली. घरची माणसं युद्धाला सैल पडू लागली आहेत, त्यांना किंमत कळली पाहिजे, युद्धरोखे घेतले पाहिजेत, हा त्यामागचा विचार होता. प्रेत लपवण्याला जसा हेतू असतो तसा दाखवण्यालाही असतो, यावर सुभेदार बराच वेळ मान हलवत राहिले.

मग तिसरा तुकडा, ब्रह्मदेशाच्या आघाडीचा. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, ट्रकांची रांग, तोफा, विमानातून सोडलेल्या छत्र्या, चहाचे मग हातात घेतलेले हसरे हिंदी जवान. चार-साडेचार मिनिटं. मी दिवे लावले आणि चिठ्ठ्या गोळा केल्या. बहुतेकांनी ‘खरं’वर खूण केली होती. आजींची चिठ्ठी कोरी होती. मला वाटलं त्यांना रकाने नीट दिसले नाहीत, म्हणून मी पेन घेऊन जवळ गेले.

त्या म्हणाल्या, “दिसतंय मला. पण आमचा मामा ह्यात कुठे लिहू?”

पुढचा पाऊण तास त्याच बोलल्या. मी तो जवळपास तसाच लिहून काढला आहे.

त्यांचा मामा १९४२ मध्ये लष्कराची रसद वाहणाऱ्या सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झाला. त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख माणसं सैन्यात गेली, आणि त्यांतली कितीतरी अशीच, बंदुकीपेक्षा स्टिअरिंग किंवा फावडं हातात असलेली. पत्रं यायची ती सेन्सॉर होऊन. गावाचं नाव आलं की त्यावर काळी शाई. पत्ता म्हणजे फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. आजींची आई नकाशा घेऊन बसायची, पण त्यात बोट कुठे ठेवायचं तेच माहीत नाही. मग महूच्या छावणीतल्या टॉकीजमध्ये एका खेळाला वार्तापटात डोंगरातले ट्रक आले. एक ड्रायव्हर उतरला, पाठ कॅमेऱ्याकडे, आणि त्याने डाव्या हाताने मान खाजवली. आई अंधारात उभी राहिली. “हा आपला मामा.” मागच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा बसली. सिनेमा कोणता होता ते आजींना आठवत नाही. त्या आठवड्यात आई तिला घेऊन आणखी तीनदा गेली आणि तिन्ही वेळा वार्तापट संपला की दोघी उठून घरी आल्या. आळीत गूळ वाटला गेला. आईने देवाला सांगितलेला सोमवार त्या दिवसापासून सुरू केला.

मुलाने न राहवून विचारलं, “होते का ते खरंच?”

आजींनी त्याला हाताने थांबवलं.

इथे मी थोडं बाजूला होऊन लिहिते, कारण मामा कुठे होता ते कळायला त्या आघाडीची गोष्ट माहीत हवी. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळ आणि कोहिमावर चाल केली. मार्चअखेर इंफाळ–कोहिमा रस्ता तुटला आणि २२ जूनला तो पुन्हा खुला झाला. मधले जवळपास तीन महिने इंफाळचं सैन्य विमानांनी जगवलं. हे सगळं कॅमेऱ्याला आवडणारं: वेढा, छत्र्या, फुटलेली कोंडी. पण त्या भूमीवरचा सगळ्यांत मोठा शत्रू पडद्यावर मावणारा नव्हता. तिथे लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनीच लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे १२० जण आजारी होऊन मागे येत होते. मलेरिया, हगवण, जंगलातला टायफस. स्लिमनी मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या. अचानक रक्त तपासायला लावायचे, आणि ज्या तुकडीत गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली निघालं तिच्या प्रमुखाला जबाबदार धरायचे. तीन अधिकाऱ्यांना त्यांनी यावरून काढलं. लढाई फिरवण्यात या गोळीचा वाटा तोफेइतकाच आहे. पण थंडी भरून कांबळ्याखाली थरथरणाऱ्या माणसाचं दृश्य थिएटरात कुणाला स्फुरण देणार? आघाडीवरच्या एका जखमी जवानाचं चित्र काढायचं तर त्यामागे एकशेवीस खाटांची रांग काढावी लागली असती.

मामा त्या रांगेत होता. १९४४ चा उन्हाळा आणि पावसाळा त्याने आसामातल्या लष्करी इस्पितळात काढला, तापात, आणि मग अशक्तपणात. ट्रक चालवत नव्हताच.

बैठकीत आम्ही त्या रिळाबद्दल खूप बोललो. सुभेदारांचं म्हणणं, रस्ता खरा, ट्रक खरे, तो ड्रायव्हर खरा, कुणीच नाटक केलेलं नाही. मुलाचं म्हणणं, तरी आजींच्या आईला जे कळलं ते चुकीचं होतं: भाऊ बरा आहे, चाक त्याच्या हातात आहे, आपण जिंकतोय. माझी चिठ्ठी इथे निकामी ठरली. मी दृश्याला प्रश्न विचारत होते की तू खरं की रचलेलं. आईने थिएटरात विचारलेला प्रश्न वेगळाच होता, आणि जी यंत्रणा तिची पत्रं काळी करत होती तीच यंत्रणा तिला पडद्यावर पाठ दाखवत होती. पत्रातलं गावाचं नाव पुसण्याला लष्करी कारण असेल, असणारच. पण त्या पुसलेल्या जागेमुळे बहिणीला जी भूक लागली, तीच घेऊन ती वार्तापटाला बसली. चेहरा नसलेला, नाव नसलेला, पाठमोरा ड्रायव्हर त्या भुकेला पुरेसा होता. निवेदकाच्या आवाजाने त्याचं नाव सांगितलं असतं तर गूळ एकाच घरात वाटला गेला असता. नाव नसल्यामुळे तो किती घरांत वाटला गेला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीसाठी मी रकाने काढून टाकले. चिठ्ठीवर एकच ओळ ठेवली: ‘हे पाहून तुम्ही घरी काय सांगाल?’ त्या वेळी १९७१ चं ढाक्यातलं शरणागतीचं चित्रण दाखवलं, १६ डिसेंबर, पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि भारताचे जनरल अरोरा टेबलाशी. चिठ्ठ्यांवर जे आलं ते मला दोन रकान्यांतून कधीच मिळालं नसतं. एका काकांनी लिहिलं की इंदूरच्या टॉकीजमध्ये या दृश्याला लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते आणि त्यांच्या शेजारी बसलेला माणूस मात्र बसूनच होता, त्याचा मुलगा पश्चिमेच्या आघाडीवर होता आणि पत्र आलेलं नव्हतं. सुभेदारांनी काहीच लिहिलं नाही, पण चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

आजी त्या दुसऱ्या बैठकीला येऊ शकल्या नाहीत. पहिल्या दिवशी जाता जाता, रिक्षात बसण्याआधी, त्यांनी मुलाला जवळ बोलावून राहिलेली गोष्ट सांगितली. मामा १९४५ च्या पावसाळ्यात रजेवर महूला आला. मेपाक्रिनने अंग पिवळं पडलं होतं, आईला वाटलं कावीळ. आठ दिवस त्याला उसाचा रस आणि मुळ्याची भाजी. एके रात्री जेवताना आईने त्याला वार्तापटाचं सांगितलं, तो ट्रक, ती मान खाजवणं, आणि गूळ. मामा म्हणाला, अक्का, मी तेव्हा दवाखान्यात होतो गं, माझ्या हातात चाक नव्हतं. आई म्हणाली, माझ्या भावाची पाठ मी ओळखणार नाही का? चार वेळा पाहिलंय मी.

मामाने ताटातला घास तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं अक्का, मीच होतो.”